बारीची आई

कोपऱ्यावर द्राक्षांची गाडी लागली. मागच्या आठवड्यात एक होती, आता तीन झाल्या. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाताना कान बांधावे लागतात आणि दुपारी त्याच रस्त्यानं परतताना ऊन डोक्यात जातं, असे आमचे हे नाशिकचे चमत्कारिक दिवस. इंदिरानगरात या दिवसांत कुणाच्याही घरी जा, टेबलावर द्राक्षं. कुणाच्या साडूची बाग, कुणाच्या ऑफिसातल्या माणसाची बाग. नाशकात राहून द्राक्षं विकत घेणारा म्हणजे ज्याचे कुणाशीच संबंध नाहीत असा माणूस, असं आमचे हे म्हणतात. आम्ही विकत घेतो.

"खाऊन बघा ताई, साखर आहे नुसती," गाडीवाला म्हणतो. मी खाऊन बघते आणि विचारायला लागते. बाग कुठली? दिंडोरीकडची का निफाडची? तोडली कधी? तोडायला माणसं कुठली होती, पेठची का हरसूलची? परवा तो वैतागला. म्हणाला, "ताई, द्राक्षं घ्यायचीत का सोयरीक जुळवायचीय?" मागे उभ्या असलेल्या दोघीजणी फिदीफिदी हसल्या. हसू देत.

मी आहेच भोचक. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि जोडले की लगेच बाजूला व्हायचं, ऐकायचं नाही, असा नियम. "आईची तब्येत..." एवढं कानावर पडायचं आणि पुढचं जायचं. मग आईची तब्येत सुधारली की म्हातारी गेली? मला कधी कळलंच नाही. अशी अर्धी वाक्यं हजारो गोळा झाली माझ्याजवळ. निवृत्त झाल्यावर उरलेली अर्धी शोधायलाच मी केंद्रात जायला लागले, असं म्हटलं तरी चालेल. आमचे हे त्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. पण संध्याकाळी मी घरी आले की चहा ठेवतात आणि विचारतात, "हं, मग? आज कोण आलं?" म्हणजे बघा, भोचकपणा संसर्गजन्य असतो.

केंद्र आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. एक जुना बैठा बंगला, पुढं लोखंडी फाटक, फाटकाला लागून एक दगडी पायरी, मागं पेरूची दोन झाडं. ज्यांच्या घरात अचानक काहीतरी कोसळलंय अशी माणसं तिथं थोडे दिवस राहायला येतात. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई दोन पोरं घेऊन येते. बारावीचा निकाल लागल्यावर घर सोडलेला मुलगा स्टँडवर सापडतो आणि आमच्याकडे येतो. मुलगा आणि सून भांडून दोन दिशांना गेल्यावर नातवाचं बोट धरून एखादे आजोबा येतात. आम्ही देतो काय? जेवण, गादी, आंघोळीला गरम पाणी, आणि कोर्ट, पोलीस, दवाखाना यांपैकी जिथं जायचं असेल तिथं सोबत. बाकी त्यांचं ते उभं राहतात. मला एका गोष्टीचं सुरुवातीला फार नवल वाटायचं. आलेला माणूस, रडून डोळे सुजलेले असले तरी, पहिल्यांदा मागतो ते मोबाइलचं चार्जर. पाणीसुद्धा नंतर. मला वाटायचं, असं काय आहे त्यात? मग एकदा एका बाईनं सांगितलं, "समजा त्याचा फोन आलाच, तर?" ज्यानं तिला हाकललं होतं त्याच्या फोनची ती वाट बघत होती. त्यानंतर मी चार्जर आधीच काढून ठेवायला लागले.

आमच्या प्रमुख कल्पनाताई. चाळिशीच्या, बुटक्या, स्कूटरवरून भन्नाट जाणाऱ्या. त्यांचा एक नियम माझ्यासारखीला फार जाच करणारा होता. नवीन मूल आलं की त्याला काही विचारायचं नाही. नाव सांगितलं तर ठीक, नाही तर तेही नाही. "पोलिसांनी विचारलं, हेल्पलाइनवाल्यांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं," त्या म्हणायच्या. "आता आपण तरी त्याला जेवू द्या, सुधाताई. सांगायचं तेव्हा सांगेल." मी जीभ चावून बसायची. माझ्या नशिबी पुन्हा तेच, जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

काही वर्षांपूर्वी, अशाच द्राक्षांच्या दिवसांत, हेल्पलाइनच्या गाडीतून तीन भावंडं उतरली. सुनंदा बारा वर्षांची, गणपत आठाचा, आणि चिमी असेल चारेक वर्षांची, तिचं खरं नाव काय ते तिलाही माहीत नव्हतं. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. पाड्यावरची आठ-दहा घरं टोळी करून दर हंगामात दिंडोरीच्या रस्त्याला एका बागेत द्राक्षं काढायला यायची, मुलाबाळांसकट. त्या वर्षी कॅरेट चढवताना या मुलांचे वडील ट्रॉलीवरून पाठीवर पडले आणि कमरेखाली पाय हलेनात. इथून त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं, कुठल्या ते मागं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं; आई गाडीत बसून सोबत गेली. फोन वडिलांच्या खिशात होता, तो पडण्यातच फुटला. मागे राहिली ही तिघं. दोन-चार दिवसांनी बागेशेजारच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणा भल्या माणसानं पाहिलं, पत्र्याच्या शेडमध्ये तीन पोरं एकटीच बसलीयत, आईबाप दिसत नाहीत. त्यानं हेल्पलाइनला कळवलं. त्याचंही बरोबरच होतं. मी असते तर मीही कळवलं असतं.

अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवायला एक समिती असते. समितीनं चौकशी होईपर्यंत मुलांना आमच्याकडे ठेवायला सांगितलं आणि तारीख दिली. तोवर आईचा पत्ता लागला नाही, किंवा ओळख पटलेलं कुणी जवळचं माणूस पुढं आलं नाही, तर मुलांना संस्थेत पाठवायचं. आणि इथंच खरी मेख होती. सहा वर्षांच्या आतली मुलं एका संस्थेत, मोठे मुलगे दुसऱ्या, मोठ्या मुली तिसऱ्या. तीन भावंडं आणि तीन घरं. कल्पनाताईंनी मला हे स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं तेव्हा गणपत ओसरीवर चिमीच्या पायातला काटा काढत होता आणि सुनंदा त्याला "दाबू नको, वर उचल" म्हणून शिकवत होती. या तिघांना वेगळं करायचं म्हणजे कसं करायचं, हे मला खरोखरच कळेना.

मुलं तशी शहाणी होती, पण चक्रावून टाकायची. एकदा मी द्राक्षं आणली. वाटलं, पोरं खूश होतील. सुनंदानं घड देठाला धरून उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि जसाच्या तसा ताटात ठेवला. मण्याला बोट म्हणून लागू दिलं नाही. पुढं कळलं, द्राक्षावरची ती पांढरट लव पुसली गेली की माल हलका ठरतो, म्हणून मण्याला हात लावला की शेतमालक ओरडतो. गणपतला मी एक मणी तोडून हातात दिला तर तो आधी दाराकडे बघायला लागला. द्राक्षांच्या राशीत वाढलेली ही पोरं, आणि द्राक्ष खायची त्यांना चोरी वाटत होती. चिमीनं मात्र दोन्ही गालांत मणी भरून घेतले.

या चिमीचं एक वेगळंच होतं. रोज सकाळी उठली की डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि विचारायची, "आज कोन?" आम्ही एकमेकींकडे बघायचो. काय कोण? सुनंदा धावत येऊन तिला ओढायची, "इथं तसं नसतंय," एवढंच म्हणायची आणि गप्प. मग चिमी आपली आपणच एक बाई निवडायची आणि दिवसभर तिच्या पदराला धरून हिंडायची. एक दिवस आमच्या स्वयंपाकाच्या मंदाबाई. दुसऱ्या दिवशी कल्पनाताई. तिसऱ्या दिवशी मी. आणि जिला निवडेल तिला सरळ "आई" म्हणायची. मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे ढुंकूनही बघेना आणि मंदाबाईंना आई म्हणायला लागली. मला चक्क राग आला! चार वर्षांच्या पोरीचा राग! घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एका दिवसाची राणी झालीस, मान्य कर."

आठवड्यातून एकदा एक समुपदेशक मॅडम यायच्या. त्यांनी हे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. दिसेल त्या बाईला मूल आई म्हणतंय, याचा अर्थ त्याला घरी कुणाचाच पक्का आधार मिळालेला नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला पटण्यासारखंच होतं.

त्यातच फाटकावरची भानगड सुरू झाली. एक दिवस सकाळच्या एसटीनं एक बाई आली. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. कल्पनाताई फाटकाशी गेल्या. मी मागोमाग. बंदी मुलांना विचारायची होती, फाटकावर विचारायची नाही.

"कोण पाहिजे?"

"चिमी, गन्या, सुनंदी. माझी पोरं हायेत."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी त्यांची आई."

आम्ही दोघी मुंबईहून आई परत आली म्हणून हरखलो. पण नाव विचारलं तर कागदावरच्या नावाशी जुळेना. दवाखान्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "मी कवा गेले दवाखान्यात?" कल्पनाताईंनी तिला आत सोडलं नाही, आणि मुलं बावरतील म्हणून त्यांना मागच्या पेरूंकडेच ठेवलं. ती बाई भांडली नाही, रडलीही नाही. पायरीवर बसली, सगळा दिवस बसली, आणि संध्याकाळच्या एसटीला निघून गेली. भाकरी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरीच बाई. वयानं मोठी, केस पिकलेले. "मी पोरांची आई." तिसऱ्या दिवशी तिसरी, जेमतेम विशीची. तीही आईच!

आता मात्र कल्पनाताई घाबरल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. मावशी म्हणून, आत्या म्हणून येऊन मुली घेऊन गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्या मुली पुन्हा सापडल्या नव्हत्या. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि समितीला कळवलं, वेगवेगळ्या बायका खोटं सांगून मुलांचा ताबा मागतायत. समितीचा निरोप आला की मग तारखेची वाट बघत जोखीम घेऊ नका, मुलांना संस्थांमध्ये हलवायची तयारी ठेवा. म्हणजे आमच्याच कळवण्यानं गोष्ट आणखी घाईची होऊन बसली.

मला झोप येईना. काळजी होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी टोचत होतं. मूल पळवायला येणारी बाई भाकरी आणेल? बरं आणेल, भुलवायला आणेल. पण आत सोडत नाहीत म्हटल्यावर दिवसभर पायरीवर बसून राहील? आणि एकदा फसलेलं खोटं दुसरीनं येऊन तसंच्या तसं का सांगावं? अगं बाई, निदान मावशी तरी म्हण! चोराला एवढी साधी अक्कल नसेल? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला काय विचारतेस, त्यांना विचार."

कल्पनाताईंना नियमाप्रमाणे एक गृहभेट करायचीच होती, मूल जिथून आलं ती जागा जाऊन बघायची. त्या निघाल्या तशी मी स्कूटरवर मागं जाऊन बसले. "तुम्ही कशाला?" त्यांनी विचारलं. "वजनाला," मी म्हटलं. दिंडोरीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना बागा, वेलींच्या मांडवाखाली हिरवट अंधार, त्यात बायकांच्या साड्यांचे रंग हलतायत, कात्र्या चालतायत, कॅरेट भरतायत. वाऱ्याला गोड आणि औषधाचा असा दोन्ही वास. मी त्या वासानं काहीशी भारावूनच गेले होते, तेवढ्यात स्कूटर खड्ड्यात आदळली आणि माझी कंबर भानावर आली.

शेड बागेच्या कडेला होती. पत्रे, तीन बाजूंनी हिरवी जाळी, चुली एका ओळीत. सगळी टोळी बागेत. शेडमध्ये एकच बाई आणि तिच्याभोवती पोरंच पोरं. एक पाठीवर, एक मांडीत, दोघं भांडतायत, एक बाजूला बसून ढसाढसा रडतंय. ती नाक पुसतेय, भात कालवतेय, भांडणाऱ्यांतल्या एकाला धपाटा घालतेय. बघते तर ही तीच, फाटकावर आलेली पहिली बाई! तिचं नाव हिरा. आम्हाला बघून ती उठली आणि आमच्या मागं रस्त्याकडे बघायला लागली. म्हणाली, "पोरं नाय आनली?"

कल्पनाताईंनी तिला बसवलं आणि शांतपणे विचारलं, "या मुलांमधली तुमची कुठली?"

हिरानं पोरांकडे नजर टाकली. "आज समदीच माझी."

"म्हणजे?"

"आज माझी बारी हाय ना."

मग हळूहळू उलगडलं. टोळी कामाला गेली की रोज एक बाई शेडवर मागं राहते. आज हिरा, उद्या सखू, परवा आणखी कुणी. जिची बारी, त्या दिवशी सगळ्या टोळीची पोरं तिची. खाऊ तिनं घालायचं, न्हाऊ तिनं घालायचं, ताप आला तर मांडीवर तिनं घ्यायचं, आणि मारायचंही तिनंच. दुसरीनं मध्ये पडायचं नाही, जन्म दिलेल्या आईनंसुद्धा नाही. आणि पोरं तिलाच आई म्हणतात. "नुसतं काकी म्हनलं तं पोरगं ऐकत नाय हो," हिरा म्हणाली. "काकीचं कोन ऐकतं? आई म्हनलं का गुमान ऐकतं." यांच्या सासवाही असंच करायच्या, त्यांच्याही आधीपासून चालत आलेलं. सकाळी उठलं की पोरं पहिलं विचारतात, आज कोण?

मी कपाळाला हात लावला. आज कोन! पोरगी रोज दारात येऊन विचारत होती आणि आम्ही तज्ज्ञ बायका तिच्या मनाला काय दुखापत झालीय ते शोधत बसलो होतो.

"अहो पण फाटकावर आई कशाला म्हणालात?" कल्पनाताईंचा आवाज चढला. "खरं सांगायचं ना, शेजारीण आहे, टोळीतली आहे."

"मंग काय म्हनू? त्या दिशी माझी बारी व्हती."

"आणि रोज एकेक जण कशाला येत होतात? आत सोडत नाही माहीत असताना?"

हिराला हा प्रश्नच कळेना. तिनं मांडीतलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं. "पोरं तुमच्याकडं नेली म्हून बारी चुकवायची का?" ती म्हणाली. "दोघी लागतात आता. एक हितं बसती, एक तिकडं पायरीवर."

कल्पनाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत काढला. आम्ही मुलांचं जवळचं माणूस कोण आहे का म्हणून हरसूलपर्यंत फोन करत होतो आणि ते माणूस आमच्या पायरीवर दिवसभर ऊन खात बसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. परत येताना स्कूटर फार हळू चालली होती.

पण नुसतं आम्हाला कळून काय उपयोग? समितीला पटायला हवं होतं. समितीच्या अध्यक्ष मॅडम काटेकोर बाई. तारखेच्या दिवशी टोळीतल्या बायका आल्या होत्या, बाकावर न बसता भिंतीला टेकून ओळीनं खाली बसल्या. कल्पनाताईंनी सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण मला एक नाव द्या. उद्या मुलाला काही झालं तर जबाबदार कोण? रोज वेगळी बाई, मी कागदावर काय लिहू?" त्यांचंही खरं होतं. कायद्याला एक नाव लागतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नाव कुणाचं सांगायचं? एकीचं सांगावं तर बाकीच्यांनी काय अंग काढून घेतलं असं होईल? मला वाटलं, संपलं, आता तीन गाड्या येणार.

मॅडमनी सुनंदाला पुढं बोलावलं. "बाळा, तुला काय सांगायचंय का?"

सुनंदा आमच्याकडे आल्यापासून कामापुरतं बोलत होती. त्या दिवशी ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "आमी एकली नव्हतो."

"कधी?"

"गाडी आली तवा. ते म्हनले पोरं एकली हायेत. आमी एकली नव्हतो. हिरा-आई बाकीची पोरं घेऊन सरपन आनाया गेली व्हती. मी सांगत व्हते, ती येतीय. कोनी थांबलंच नाय." आणि मग ती जी रडायला लागली. एवढे दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. गणपतनं तिचा फ्रॉक धरला, चिमीनं गणपतचा सदरा धरला. तिघांची अशी साखळी झाली आणि ती सोडवायला त्या खोलीत कुणीही पुढं झालं नाही.

मॅडमनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी लिहायला घेतलं. आई येईपर्यंत तिघांनी आमच्याच केंद्रात, एकत्र राहायचं. नाव कल्पनाताईंचं, जबाबदारी कल्पनाताईंची. आणि टोळीतल्या बायकांना रोज भेटायला येऊ द्यायचं. "बारीप्रमाणे," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, आणि तो शब्द सरकारी कागदावर चालेल का म्हणून क्षणभर थांबल्या. लिहिलाच त्यांनी. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, पण बाहेर येऊन हिराला मारली.

पुढचे दिवस केंद्रात मजाच होती. सकाळी फाटक वाजायचं, बारीची आई आत यायची, चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. आमच्याकडे तेव्हा एक बाई राहत होती, नवऱ्याच्या फोनची वाट बघणारी, तीच. तिला दोन मुलं. एक दिवस ती कामाच्या मुलाखतीला जाणार होती आणि मुलं कुठं ठेवायची म्हणून रडकुंडीला आली होती. सखू म्हणाली, "जा की. आज माझी बारी हाय, त्यात दोन काय जड व्हतात?" ती गेली. तिला ते काम लागलं नाही, पुढचं लागलं. पण मला त्या दिवसापासून एक कोडं पडलंय. आमच्या सोसायटीत आम्ही वर्षानुवर्षं शेजारी राहतो. शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी बाळंतपणानंतर एकटी रडते, हे भिंतीतून ऐकू येतं. मी दार वाजवते, पोहे नेऊन देते, परत येते. "आज तुझं बाळ माझं" असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. का बरं? तिला आवडणार नाही म्हणून? की ते बाळ पडलं, आजारी पडलं तर, म्हणून? मी अजून विचार करतेय. यंदा म्हणून बघणार आहे.

गाडीवाल्याला मी का विचारते ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ती टोळी कुठं आहे ते मला माहीत नाही. मुलांचे वडील कुबड्यांवर का होईना उभे राहिले, एवढं त्याच वर्षी कळलं. नंतर काही नाही. हंगाम संपला की ही माणसं राब भाजायला, म्हणजे रोपांची जमीन भाजून घ्यायला, नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं नीट करायला डोंगरात परत जातात आणि पुढच्या वर्षी कुठल्या बागेत येतील ते बागवाल्यालाही ठाऊक नसतं. सुनंदा आता मोठी झाली असेल. शिकतेय का, कुठं आहे, तिलाही कुठल्या शेडमध्ये बारी लागते का? पुन्हा अर्धंच वाक्य माझ्या हाती.

मात्र एक वाक्य मी पुरतं ऐकलं.

त्याच वर्षी एका दुपारी फाटकाशी हिरा आली आणि तिच्यामागं एक वाळलेली बाई, डोळ्यांखाली काळं, हातात मुंबईच्या दवाखान्याची पिशवी. सुनंदा आणि गणपत ओरडत धावले आणि तिच्या अंगावर आदळले. ती धडपडत पायरीवरच बसली. चिमी मात्र माझ्याजवळ उभी राहिली, हातात दुधाचा पेला, ओठावर पांढरी मिशी. तिनं आईला ओळखलं होतं. पण ती जागची हलेना, नुसती बघत राहिली. त्या बाईचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे पाहिलं. महिना होत आला होता. एवढीशी पोर रागावली असेल, काय सांगावं?

चिमीनं विचारलं, "आज कोन?"

"मी," तिची आई म्हणाली.

"आन् उद्या?"

"उद्या बी मीच."

"परवा?"

आईनं डोळे पुसले आणि हिराकडे पाहिलं. हिरानं मान हलवली.

"परवा हिरा," आई म्हणाली. "मला कामावर जायचंय."

चिमीला ते पटलं. तिनं पेला माझ्या हातात दिला आणि जाऊन आईच्या मांडीत बसली.